परवानाधारकाने स्वतः हजर राहावे

काष्टीच्या अलीकडच्या फाट्यावर 'हॉटेल अमृतवेल, परमिट रूम' अशी पाटी आहे. नावात अमृत आहे, पण आत काय मिळतं ते गावातल्या शेळीलाही ठाऊक आहे. हे हॉटेल आप्पासाहेबांनी काढलं. आप्पासाहेबांना खाण्याचा नाद होता, माणसांचा नाद होता आणि सगळ्यात जास्त गाण्याचा होता. म्हणून दारूचा परवाना असताना त्यांनी हौसेनं गाण्याचाही परवाना काढला.

त्या गाण्याच्या परवान्याला ज्या अटी होत्या त्या कुणीही एकदा ऐकाव्यात. वाटेल, हॉटेलात गाणारा नाही, वाघ आणून ठेवायचा आहे. कलाकारासाठी वेगळा चौथरा पाहिजे, चौथऱ्याला कठडा पाहिजे. कलाकारानं कठड्याबाहेर यायचं नाही, गिऱ्हाइकानं आत जायचं नाही. नाच चालणार नाही. नोटा उधळायच्या नाहीत. संध्याकाळी सातच्या आधी सूर निघता कामा नये आणि दहानंतर तर नाहीच नाही. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला दर वर्षी नवा आणायचा. आणि सगळ्यात शेवटी, कार्यक्रम चालू असेपर्यंत परवानाधारकानं स्वतः हजर राहायचं.

शेवटची अट आप्पासाहेबांना कधी जाचली नाही. त्यांना तिथून उठवायचं असतं तरच एखादी अट घालावी लागली असती.

मग एका उन्हाळ्यात छातीत कळ येऊन आप्पासाहेब गेले. दोन्ही परवाने त्यांच्या बायकोच्या, विजयमालाबाईंच्या नावावर आले. बाईंचा त्या हॉटेलच्या पायरीला पाय लागला होता तो उद्घाटनाच्या पूजेला, त्यानंतर नाही. त्यांनी सगळा कारभार मॅनेजर भागवतवर सोडला आणि घरात बसल्या. घर तसं गावातच, फाट्यापासून चालत जाण्यासारखं. मुलगी आरती पुण्याला. तिचा दर रविवारी फोन यायचा आणि बाकीचे दिवस बाई टीव्हीशी बोलायच्या. टीव्ही काही उलट उत्तर देत नाही एवढीच त्यात सोय.

तपासणीला आलेल्या साहेबांनी मात्र अट वाचली होती.

"परवानाधारक कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"घरी असत्यात, साहेब. बाईमाणूस हाय," भागवत म्हणाला.

"मग गाणं बंद ठेवा. नाहीतर त्यांना आणून बसवा."

भागवत बाईंच्या ओट्यावर येऊन खांद्यावरचा टॉवेल पिळत उभा राहिला. त्याला वाटलं होतं, काकी म्हणतील, जळलं मेलं ते गाणं, कर बंद. बाईंच्याही तोंडात तेच आलं होतं. पण त्यांना आप्पासाहेबांचा तो चौथरा आठवला. माणूस गेल्यावर त्याच्या एवढ्याशा हौसेवरही नांगर फिरवायचा म्हणजे जिवावर येतं. "बसते मी. पन मला भिंतीकडं तोंड करून खुर्ची ठिव," त्या म्हणाल्या.

पहिल्या संध्याकाळी त्या डोक्यावरून पदर घेऊन, भिंतीला तोंड करून बसल्या. हात मोकळे ठेवून करायचं काय, म्हणून भागवतकडून त्यांनी मेथीची जुडी मागून घेतली आणि निवडायला लागल्या. साखर कारखान्याचे ट्रकवाले, ऊसतोडीचे मुकादम, सोसायटीची दोनचार चिकट गिऱ्हाइकं, सगळे चिडीचूप. बाटलीचं बूचसुद्धा लोक हळूच काढायला लागले. परमिट रूममध्ये मेथी निवडत बसलेली बाई तोवर कुणी पाहिलेली नव्हती.

चौथऱ्यावर बेंजो घेऊन बसलेला माणूस म्हणजे फक्रुद्दीन मास्तर. नगरच्या मुकुंदनगरचे. उभं आयुष्य लग्नाच्या वरातीपुढं बेंजो वाजवण्यात गेलं. मग डीजे आला आणि मास्तर घरी बसले. आप्पासाहेबांनी त्यांना कुठल्याशा वरातीत ऐकलं होतं, त्यांनीच मास्तरांना बरोबर शोधून आणलं. मास्तर रोज एसटीनं यायचे. दारूच्या थेंबाला शिवायचे नाहीत, काळा चहा प्यायचे आणि जुनी गाणी अशी वाजवायचे की ट्रकवाल्याला गाव आठवावं.

सात वाजले. मास्तर वाजवेनात. भागवतनं खूण केली तरी वाजवेनात.

"काय झालं हो?" त्यानं विचारलं.

"मालकीणबाईंनी हुकूम न्हाई दिला अजून. आप्पासाहेब मान हलवायचे, मग मी सुरू करायचो. अट हाय न्हवं का, परवानाधारक हजर पाहिजेत म्हनून? मग ते हजर हायेत हे मला कळाय नको?"

आता भिंतीकडं तोंड केलेली बाई मान हलवणार तरी कशी? विजयमालाबाईंना खुर्ची फिरवावी लागली. त्यांनी मास्तरांकडं न बघता, मेथीच्या जुडीकडं बघत मान हलवली. आणि बेंजो सुरू झाला.

मग तो रोजचाच रिवाज झाला. पावणेसातला बाई घराला कडी लावून निघायच्या. कधी मेथी, कधी वाटाणे, कधी गवार. खुर्चीत बसायच्या, मान हलवायच्या, गाणं सुरू व्हायचं. हळूहळू लोकही सरावले. "काकी, बरं हाय ना?" असं विचारायला लागले. काकींसमोर शिवी द्यायची नाही हा तिथला अलिखित कायदा झाला. एखादा चढलेला गडी बोलता बोलता घसरलाच, तर दुसरा त्याच्या मांडीला चिमटा काढायचा. मास्तरांशी मात्र बाईंचं बोलणं असं कधी झालं नाही. कठड्याच्या आत ते, बाहेर त्या. तरी दिवसभरात एक माणूस आपण येईपर्यंत थांबून राहतो, आपण मान हलवल्याशिवाय बोट उचलत नाही, हे बाईंना फार गोड वाटायचं. घरात तर त्या नसल्या काय आणि असल्या काय, दूधवालासुद्धा पिशवी कडीला अडकवून निघून जायचा.

गावातल्या बायकांचा त्यांच्याशी संबंध कधीच तुटला होता. हॉटेल सुरू झालं त्या वर्षापासून संक्रांतीला बोलावणं येईना, बारशाला येईना, डोहाळजेवणाला येईना. कुणाचा नवरा पगार तिथं ठेवून यायचा, कुणाचा मुलगा. राग खरा होता आणि बाईंना तो कळत होता. शेजारची बनुबाई तेवढी कुंपणावरून बोलायची, तीही इकडंतिकडं बघून. बाई मनाची समजूत घालायच्या की हे हॉटेलमुळं आहे, माझ्यामुळं नाही. हॉटेल नसतं तर मी अजून त्यांच्यातलीच आहे. एवढी एक समजूत त्यांनी काचेच्या बांगडीसारखी जपून ठेवली होती.

या वर्षी मार्गशीर्षात ना-हरकत दाखल्याचा विषय निघाला आणि गावात हवा तापली. सरपंच राजनंदिनी, तरणीताठी, शिकलेली, बोलायला कडक. दारूचा परवाना नुसत्या ग्रामपंचायतीच्या ठरावानं बंद होत नव्हता, ते तिनं उत्पादन शुल्कच्या कचेरीपर्यंत जाऊन पाहिलं होतं. मग बायका म्हणाल्या, बाटली बंद होईना तर निदान बेंजो तरी बंद करा. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, पण बायकांना काहीतरी केल्याचं समाधान हवं होतं आणि ते त्यांच्या हक्काचं होतं. राजनंदिनीनं महिला ग्रामसभा बोलावली.

सभेच्या सकाळी बनुबाई कुंपणापाशी न थांबता थेट दारात आली.

"विजयमाला, चल सभेला."

"मी? माझ्याच हाटेलाचा इषय, आन् मी येऊ?"

"तूबी गावातलीच बाई हायेस ना? तुझंबी मत हाय. राजनंदिनीनं सांगितलंय, एकूनएक बाई घिऊन या. निम्म्याच्या वर बायका न्हाई आल्या तर सभाच धरत न्हाईत म्हनं."

यातलं शेवटचं वाक्य बाईंना ऐकू आलं नाही असं नाही. पण ज्याला बरीच वर्षं कुणी 'चल' म्हटलेलं नाही, त्याला वाक्यातला 'चल' तेवढा ऐकू येतो. त्यांनी नवं लुगडं नेसलं आणि गेल्या.

मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात सतरंज्यांवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. विजयमालाबाई कडेला उभ्या राहिल्या, कुठं बसावं हेच त्यांना सुचेना. तेवढ्यात कुणीतरी सरकलं, कुणीतरी हाताला धरून खाली ओढलं, आणि त्या दोन बायकांच्या मधे बसल्या. दोन्ही बाजूंनी मांडीला मांडी लागली. पुढं बसलेल्या कुणाच्याशा सुनेनं आपलं तान्हं मागं वळून त्यांच्या मांडीवर टेकवलं, "धरा जरा काकी, माझा पदर सोडीना." उजवीकडच्या म्हातारीनं मशेरीची डबी पुढं केली. बाईंनी चिमूटभर घेतली. दात घासायलाही त्या घरी पेस्ट वापरायच्या, पण त्या दिवशी ती मशेरी त्यांना गोड लागली. तान्ह्यानं त्यांचं बोट धरून ठेवलं होतं. काय बोलणं चाललंय याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्या नुसत्या ऊब घेत बसल्या होत्या.

राजनंदिनी बोलली. संध्याकाळी पोरीबाळी फाट्यावरून यायला भितात म्हणाली. गाणं आहे म्हणून गर्दी जास्त, गर्दी म्हणून पिणं जास्त, असं म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. आणि मग म्हणाली, "आपलं गाव आता कुनाला वेगळं काढनार न्हाई. यंदाच्या संक्रांतीला माझ्याकडं सगळ्या बायकांचं हळदीकुंकू हाय. विधवा, एकल्या, समद्या. ठरावच केलाय तसा. आता सांगा, ना-हरकत दाखला द्यायचा न्हाई, असं ज्यांचं मत हाय त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. आधी पुढचे, मग मधले, मग उजवीकडच्या म्हातारीचा, मग डावीकडच्या बनुबाईचा. सगळीकडं बांगड्याच बांगड्या. विजयमालाबाईंना वाटलं, आपला एकटीचा हात खाली राहिला तर या दोन बायका पुन्हा सरकतील आणि मधे जागा पडेल. त्यांनी तान्ह्याच्या मुठीतून बोट सोडवून घेतलं आणि हात वर केला.

मग टाळ्या पडल्या. राजनंदिनी स्वतः उठून आली, त्यांच्या पाया पडली, त्यांना पुढं घेऊन गेली. सगळ्यांच्या मधे उभं करून फोटो काढला. दुपारपर्यंत तो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर होता.

संध्याकाळी भागवतनं कपाळावर हात मारून घेतला.

"काकी, हात दाखवून अवलक्षन म्हनत्यात ते हेच की ओ."

"व्हय रे," त्या म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? कणभरही पश्चात्ताप त्यांना त्या दिवशी होत नव्हता. मांडीवर अजून त्या तान्ह्याचा भार होता.

जुन्या परवान्याची मुदत वर्षअखेरपर्यंत होती. तेवढे दिवस बाई रोज गेल्या, रोज मान हलवली, पण मास्तरांकडं पाहणं त्यांना जमेना. शेवटची संध्याकाळ नेमकी थर्टी फर्स्टची आली. भागवतनं फुगे लावले होते. गर्दी अजून व्हायची होती. बाई आपल्या खुर्चीत बसल्या, पण सात वाजले तरी त्यांची मान हलेना. मास्तर बेंजोवर हात ठेवून थांबले होते.

शेवटी त्या उठल्या आणि कठड्यापाशी गेल्या.

"मास्तर, सभेत माजाबी हात वर हुता."

"मला ठावं हाय, मालकीणबाई. फोटो आला की मोबाईलवर."

"तुमच्या पोटावर पाय दिला मी."

मास्तर थोडा वेळ बेंजोच्या तारा पुसत राहिले. "पोटाचं बघंल अल्ला. माजा पोरगा अझीम म्हनतोच हाय, अब्बा, बास करा आता, एसटीचे धक्के खाऊ नका. आमची घरवाली शकिला, तीबी तेच म्हनती. घरी जाईन, नातवंडांत बसंन." मग त्यांनी पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवला. "तुमाला खरं सांगू? त्या फोटोत तुमी हसताय. इतक्या दिसांत तुमाला हसताना मी न्हाई बघितलं. म्या घरात दाखवला फोटो. म्हनलं, बघा, आमच्या मालकीणबाई."

हा माणूस आपल्याला रोज इतकं निरखून बघत होता आणि आपण गवार मोडत बसलो, याचं विजयमालाबाईंना वाईट वाटलं.

"बसा आता," मास्तर म्हणाले. "हुकूम द्या."

त्यांनी जाऊन बसून मान हलवली. त्या संध्याकाळी मास्तरांनी दहाच्या ठोक्याला बेंजो खाली ठेवला, कापडात गुंडाळला, आणि कठड्याचं दार उघडून बाहेर आले. आता अट संपली होती. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. मास्तरांनी हात कपाळाला लावला आणि एसटी गाठायला निघून गेले.

संक्रांत आली. विजयमालाबाईंनी तीळ भाजले, गूळ चिरला, शेंगदाण्याचं कूट केलं, कितीतरी वर्षांनी एवढे लाडू वळले. दर घरात द्यायचे तर डबाभर हवेतच. राजनंदिनीचं हळदीकुंकू पुढच्या शुक्रवारी होतं. बोलावणं करायला तिची सासू घरोघर फिरत होती. बाईंनी तिला समोरच्या आळीत जाताना पाहिलं. मग बनुबाईच्या दारात पाहिलं. "चार वाजता या गं," असं म्हणताना ऐकलं. त्यांनी घाईनं ओटा झाडला, चहाचं आधण ठेवलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं.

विसरली असेल, उद्या येईल. उद्याही नाही. शुक्रवारी दुपारी बाई जांभळं काठापदराचं लुगडं नेसून, डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या. न जाणो, ऐन वेळेला कुणी हाक मारली तर उशीर नको. चारच्या सुमाराला बायका नटून थटून समोरून जायला लागल्या. त्या मशेरीवाल्या म्हातारीनं हात हलवला. तान्ह्याची आई लगबगीनं गेली, पोर कडेवर, त्यानं बाईंकडं पाहिलंही नाही.

बनुबाई थांबली. "तू न्हाई येत?"

"बोलावनं येऊ दे की."

"न्हाई आलं?" बनुबाईचा चेहरा पडला. "मी इचारते तिथं."

ती परत आली तेव्हा उन्हं कलली होती. हातात वाणाची प्लास्टिकची डबी आणि पदरात हरभरे. ती ओट्याच्या पायरीवर टेकली. सांगावं की नाही असं तिचं चाललं होतं.

"काय म्हनली ती?" विजयमालाबाईंनी विचारलं. "हाटेलाचा राग हाय का अजून?"

"न्हाई गं. राग कशाचा? तिनं जीभच चावली. म्हनली, अगं बया, काकी राहूनच गेल्या. सासूच्या ध्यानातच न्हाई आलं म्हनं. तुझ्या घराकडं वळायची सवयच न्हाई ना कुनाला." बनुबाईनं त्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावल्यासारखं बोट लावलं. "फुडच्या वर्षी नक्की म्हनली."

विजयमालाबाईंनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोल म्हणाल्या. बनुबाई गेली. राग असता तर बरं झालं असतं. ज्याच्यावर राग धरायचा त्याची निदान आठवण तरी ठेवावी लागते. इतकी वर्षं बाई समजून होत्या की गावानं आपल्यासाठी दार बंद करून घेतलंय, म्हणून त्या ते उघडायची वाट पाहत होत्या. दार बंद नव्हतंच. लोक फक्त विसरून गेले होते की इथं एक बाई राहते. त्या ओट्यावर बसून रडल्या, आणि रडताना डबा मात्र सांभाळून धरला.

मग पावणेसात झाले. पायांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी घराला कडी लावली आणि डबा काखेत घेऊन फाट्याकडं निघाल्या.

हॉटेलात गर्दी बेताचीच होती. गाणं गेलं म्हणून पिणारे काही कमी झाले नव्हते, आता नुसते लवकर पिऊन लवकर उठत होते. बाईंच्या जागेवर कुणी अनोळखी ट्रकवाला बसला होता. बाई आलेल्या पाहून भागवत काउंटरमागून धावत आला.

"काकी? काय काम हुतं का?"

"न्हाई. बसायला आले."

भागवत घुटमळला. पोरगा मनाचा चांगला, पण धंद्याचं माणूस. "आता तुमाला यायची गरज न्हाई की. गाणं न्हाई, तर अटबी न्हाई. उगं बाईमाणूस दारूच्या हाटेलात... आधी परवान्याचं निमित्त हुतं सांगाया. आता लोक काय म्हनतील?"

त्यात खोटं काही नव्हतं. "तिळगूळ वाटायला आले," बाई म्हणाल्या. "वाटते आन् जाते."

त्या टेबलाटेबलाशी गेल्या. ओळखीची गिऱ्हाइकं गडबडून उभी राहिली. कुणी ग्लास टेबलाखाली घेतला, कुणी विजारीला हात पुसून पुढं केला, एक मुकादम तर पाया पडला. "गोड बोला," बाई प्रत्येकाला म्हणाल्या. इतके हात गावात कुणी पुढं केले नव्हते. त्या अनोळखी ट्रकवाल्यालाही दिला. तो खुर्चीतून उठला, पण बाई बसल्या नाहीत.

डब्यात शेवटचा लाडू उरला तेव्हा त्या कठड्यापाशी आल्या. आत चौथऱ्यावर भागवतनं रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचून ठेवले होते. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजत होते. बाईंनी लाडू कठड्यावर ठेवला, सवयीनं मान हलवली, आणि बराच वेळ थांबून राहिल्या.